पापडाच्या जाळीत न सापडलेले बाबा

ज्या संध्याकाळी माझे बाबा टीव्हीवर बोलले, त्या संध्याकाळी ते स्वतः आमच्या घराच्या स्लॅबवर पापड भाजायची जाळी धरून उभे होते.

त्यांना तिथे मीच उभं केलं होतं. मी कारंज्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरात ज्या ज्या वस्तूला वायर आहे, ती माझ्याकडे येते. मिक्सर बंद पडला की मला हाक मारतात. मी गंभीर चेहऱ्याने तो उलटा करून पाहतो. (त्यातून थोडं जिरं पडतं. बाकी काही होत नाही.) 'मला हे येत नाही' असं सांगावं, असं खूपदा वाटतं, पण बाबा कामरगावच्या बाजारात ओळखीच्या माणसाला थांबवून सांगतात, "पोरगा मशिनीचं शिकून राह्यला," आणि हे सांगताना त्यांचे दिवसभराचे निम्मे शब्द खर्च होतात. मग माझी जीभ रेटत नाही.

कारण बाबा बोलतच नाहीत. सकाळी "चहा", दुपारी "बरं", रात्री "लाईट बंद कर". एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. अपवाद एकदाच झाला. मागच्या हंगामात आईची बकरी चिंगी दावं तोडून तुरीत शिरली आणि बांधाकडच्या ओळींचे शेंडे खाऊन आली. त्या दिवशी बाबा खूप बोलले. सगळं बकरीला, पण आईकडे पाहून!

पुढे झालं असं की, चिंगीने शेंडे खाल्लेल्या नेमक्या त्याच ओळींना भराभर फांद्या फुटल्या आणि शेंगांनी झाडं वाकली. बाबा रोज बांधावर जाऊन नुसते पाहत उभे राहायचे. यंदा त्यांनी कोणाला न सांगता सगळ्या तुरीचे शेंडे हाताने खुडले. तूर अशी भरली की सरकारी चॅनेलवरच्या शेतीच्या कार्यक्रमाचे लोक कॅमेरा घेऊन थेट शेतात आले.

आणि नेमके तेव्हा आम्ही घरी नव्हतो! आई, धाकटी बहीण पूजा आणि मी, तिघंही धनजला मामाकडे लग्नात. परत आलो तर गल्लीत बातमी: बाबा कॅमेऱ्यासमोर बोलले. बराच वेळ बोलले. हातवारे करून बोलले!

आईने डोक्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "अजी, काय बोलले तुमी?"

"पाहजा टीव्हीवर."

"बकरीचं नाव घेतलं काय?"

"पाहजा म्हनलं ना."

झालं! आईचं जेवणावरून लक्ष उडालं. शेंडे खुडायचं शिकवलं कोणी? चिंगीने. चिंगी कोणाची? आईची. शिव्या कोणी खाल्ल्या? दोघींनी. मग टीव्हीवर नाव कोणाचं घेतलं? हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. ती भाकरी थापता थापता मध्येच थांबून मला विचारायची, "मंग्या, तुले काय वाटते? घेतलं असन काय?" खरं सांगायचं तर बकरीपेक्षा मला वेगळाच प्रश्न पडला होता. बाबा एवढा वेळ नेमकं बोलले तरी काय? त्यांच्याजवळ एवढे शब्द होते कुठे?

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी साडेसहाला लागणार होता. गुरुवारी दुपारी वानरांची टोळी आली आणि त्यातल्या एका धिप्पाड वानराने आमच्या डिशला लटकून झोका घेतला. डिश खाली आली. वानर तिच्याकडे थोडा वेळ पाहत बसलं, मग शेजारच्या चिंचेवर गेलं. डिशवाला म्हणाला, सोमवारी येतो.

आता खरं म्हणजे यात काहीच अडचण नव्हती. आमच्या भिंतीला भिंत लागून रशीदचाचांचं घर आहे. चाचा धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या बनवतात. त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे आणि त्यांची डिश त्यांनीच पत्रा ठोकून अशी बसवली आहे की, वानर हात लावत नाही. ते स्वतःहून म्हणाले, "वहिनी, टेन्शन कायले घेता? शनिवारी सब लोग माह्या घरी या."

आई 'बरं' म्हणणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "कायले चाचा? डिशची गरजच नाई. हवेत फुकट डिजिटल सिग्नल असतात. घरच्या घरी अँटेना बनवला की झालं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबासुद्धा! त्यांच्या डोळ्यांत असं काही कौतुक होतं की, मला ते वाक्य परत घेता येईना. मी तो व्हिडिओ कॉलेजात पाहिला होता. एक गोरा माणूस लाकडी फळीवर तांब्याची तार ठोकतो, मागे जाळी लावतो आणि त्याच्या टीव्हीवर पटापट चाळीस चॅनेल येतात. तो किती सहज हसत होता! आमच्या टीव्हीतही डिजिटल ट्यूनर होता, हे मी टीव्हीच्या खोक्यावर वाचलं होतं. मग आणखी काय हवं?

शुक्रवारी मी फळी मिळवली. जुन्या मोटरीतली तांब्याची तार मिळवली. तिचे तुकडे करून फळीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे ठोकले. मागे लावायला जाळी मात्र मिळेना, तेव्हा आईने थोडा वेळ विचार केला आणि चुलीजवळची पापड भाजायची जाळी काढून दिली.

"बकरीसाठी देऊन राह्यली," ती म्हणाली. "तुह्यासाठी नाई."

पूजा दहावीत आहे आणि तिला प्रश्न विचारायची वाईट सवय आहे. "दादा, पन हे सिग्नल येतात कोठून?"

"हवेतून."

"हवेत कोठून येतात?"

"तू अभ्यास कर!"

शनिवारी सहा वाजता आमच्या अंगणात सगळी गल्ली जमली. ज्याचा कार्यक्रम त्याच्याच घरी बसून पाहायचा, हीच रीत, म्हणून लोक आपापले टीव्ही बंद करून, दारांना कड्या घालून आले होते. रशीदचाचा तर घराला कुलूप लावून, धुतलेला शर्ट घालून आले. येताना लोखंडी शिडीही घेऊन आले, कारण आमच्या स्लॅबला जिना अजून झालेला नाही. मी टीव्ही अंगणात मांडला. बाबा अँटेना घेऊन, त्याची लांब वायर खाली टीव्हीपर्यंत सोडत, शिडीने वर चढले. (मी चढणार होतो, पण मी खाली 'मशिनीजवळ' असावं असं सगळ्यांचं मत पडलं.)

पूजाने रिमोटवरून शोध सुरू केला. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. ती पट्टी लोकांनी इतक्या एकाग्रतेने पाहिली की, एवढ्या एकाग्रतेने मी कधी परीक्षेचा पेपरही पाहिलेला नाही. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "चांगलं चालू हाय!" पट्टी पूर्ण झाली. पडद्यावर अक्षरं आली: सापडलेली चॅनेल, शून्य.

"दिसलं काय?" बाबांनी वरून विचारलं.

"दिशा बदला!" मी ओरडलो. "अमरावतीकडं करा!"

बाबांनी जाळी अमरावतीकडे केली. शून्य. अकोल्याकडे केली. शून्य. कारंज्याकडे केली, तिकडून एक कावळा आला आणि जाळीला पापड नाही हे पाहून परत गेला.

रशीदचाचा म्हणाले, "महादेवभाऊ, धनजकडं करून पाहा. सासुरवाडी हाय तुमची, काही तरी येईनच!"

आई पदर खोचून उभी राहिली. "रशीदभाऊ, माह्या माहेरावून गाय आली, कपाट आलं, ही बकरीबी आली. आता चॅनेलबी तेईनंच धाडावं काय?"

अंगण हसलं. साडेसहाला दोन मिनिटं कमी होती. मी टीव्हीमागची पिन दाबली, वायर काढून पुन्हा लावली, टीव्हीवर हलकेच थाप मारली. (हे अभ्यासक्रमात नाही, पण सगळे करतात.) "बाबा, थोडे वर धरा! डोक्याच्या वर! एका पायावर... नाई नाई, दोनी पायावर!" बाबा स्लॅबच्या टोकाला जाळी डोक्यावर धरून उभे राहिले. मावळतीच्या उजेडात ते फार भव्य दिसत होते. पण दिसायला हवे होते टीव्हीवर.

"दिसलं काय?" वरून आवाज.

"येऊन राह्यलं, बाबा!" मी म्हणालो. देवा! कुठे येत होतं?

निळी पट्टी पुन्हा निघाली. साडेसहा वाजून गेले. चिंगीसुद्धा रवंथ थांबवून पडद्याकडे पाहत होती, असं मला तरी वाटलं. आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत फक्त विचारणं होतं: मंग्या, मले कळन ना, काय बोलले ते?

मी शेवटी तोंड उघडलं. "आई, मले... मले नाई वाटत का येईन."

तेव्हा पूजा अगदी शांतपणे म्हणाली, "चाचा, तुमच्या घरी टीव्ही हाय ना?"

सगळी गल्ली चाचांकडे वळली. मग रशीदचाचांनी कपाळावर हात मारला. "अबे! हाय ना! चालू हाय!"

त्यानंतर जे झालं त्याला पळापळ म्हणतात. सगळं अंगण एका अरुंद बोळात शिरलं. मध्ये शिडी आडवी येत होती, ती चाचांनीच उचलून बाजूला टाकली. कुलपाची किल्ली धुतलेल्या शर्टात नव्हती, न धुतलेल्या शर्टात होती. आणि तो शर्ट कुलूपबंद घरात होता! चाचा मागच्या भिंतीवरून आत उतरले, मागचं दार उघडलं, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या पायांवर पाय देत टीव्हीसमोर पोचलो. टीव्ही लागला. चित्र आलं.

बाबा होते! आमच्या तुरीत उभे, टोपी घातलेले, तोंड उघडं, हात वर केलेला. चाचांनी आवाज वाढवला. बाबा म्हणाले, "...तं असं हाय. नमस्कार."

आणि जनावरांच्या लसीकरणाची माहिती सुरू झाली.

कोणीच हललं नाही. चाचा टीव्हीकडे असे पाहत होते, जणू बाबा लस टोचून परत येतील. आई बाहेर पडली. आम्ही तिच्या मागे.

अंगणात आलो तर स्लॅबवर बाबा तसेच, जाळी डोक्यावर धरून उभे. खाली कोणी नाही, टीव्हीसमोर फक्त चिंगी, शिडी गायब. त्यांनी विचारलं, "दिसलं काय?"

आई कमरेवर हात ठेवून खाली उभी राहिली. "दिसलं! 'नमस्कार' दिसला! आता तुमीच सांगा, काय बोलले ते. सांगतल्याबिगर सिडी लागत नाई!"

"अवं, लोकं हाय..."

"लोकं तं टीव्हीवरबी पाहून राह्यले व्हते!"

बाबांनी एकदा शिडीकडे पाहिलं, एकदा गल्लीकडे. जाळी खाली करायचं त्यांना सुचलं नाही. तशीच धरून ते बोलू लागले. आधी अडखळत. तूर किती पानांवर असताना शेंडा खुडायचा. का खुडायचा. मग फांद्या कशा फुटतात. हळूहळू त्यांचा एक हात सुटला आणि हातवारे सुरू झाले. मी तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. त्यांना झाडाच्या आतलं सगळं माहीत होतं, आणि सांगताना ते हसत होते. मी त्यांना इतका वेळ सलग कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मंग टीव्हीवाल्या साहेबानं इचारलं," बाबा म्हणाले, "हे तुमी कोणापासून शिकले?"

आईने पदराचं टोक मुठीत धरलं. "मंग?"

"म्या सांगतलं, माह्या बायकोच्या बकरीपासून."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. चाचांनी शिट्टी मारली. आई वळून चिंगीच्या गळ्याखाली खाजवू लागली.

"पन साहेब लय हासले," बाबा वरून म्हणाले. "म्हने, काका, बकरीचं कापा लागते. ते टीव्हीवर दाखवत नाई."

म्हणजे टीव्ही चालला असता, तर आईला ते कधीच ऐकू आलं नसतं! हे ध्यानात येताच मी थोडा ताठ उभा राहिलो. पूजाने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा वाकलो आणि शिडी लावली.

सोमवारी कॉलेजात सरांना सगळं सांगितलं. त्यांनी फळीचं चित्र नीट पाहिलं, जोडणीही बरोबर आहे म्हणाले आणि मग विचारलं, "सिग्नल पाठवणारा मनोरा कुठे आहे?" आमच्या भागातला जुना मनोरा केव्हाच बंद झालाय. जो चालू आहे तो इतका लांब, की तिथपर्यंत जाळी न्यायला एसटीच करावी लागेल. पूजाने हेच विचारलं होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.

जाळी पुन्हा चुलीजवळ गेली. बाबा मात्र तेव्हापासून थांबलेले नाहीत. जेवताना बोलतात, दाढी करताना बोलतात, मी झोपलो की उठवून बोलतात. आई परवा वैतागून म्हणाली, "मंग्या, हे चॅनेल तूच लावलं ना? मंग बंद कसं कराचं, तेबी तूच पाह!"

मी गंभीर चेहऱ्याने बाबांकडे पाहत राहिलो. ते मिक्सर असते, तर निदान उलटे करून पाहिले असते.