सुधाकरसाठी न दिलेली साक्ष

पोलिसांनी फोडून काढलं तेव्हा सुधाकर फक्त बसची वाट बघत उभा होता.

आज सकाळी तो गेला. हार्ट अटॅक. वय अठ्ठेचाळीस.

आम्ही रूममेट. तो वर्ध्याचा, मी साताऱ्याचा. कोथरूडमध्ये एक खोली, एकाच सॉफ्टवेअर कंपनीत पहिली नोकरी.

त्या दिवशी शहर बंद होतं. आमचं ऑफिस अर्थातच चालू. पुढच्या चौकात कुणीतरी बसवर दगड मारले आणि पळाले. पोलिसांना सापडलो स्टॉपवरचे आम्ही.

सुधाकरने गळ्यातलं आयकार्ड दाखवलं. हवालदाराने आडनाव वाचलं.
"म्हणजे तुमचाच बंद," म्हणाला. आणि काठी थेट कानावर.

मग माझं कार्ड वाचलं. मला म्हणाला, "तू नीघ."

सुधाकरच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. त्या कानाने पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

तक्रार द्यायला गेलो, तर चौकीतले साहेब म्हणाले, "बंदच्या दिवशी घराबाहेर पडायचंच कशाला?"

तरी त्याने तक्रार दिली. चौकशी लागली. साक्षीदार एकच. मी.

माझा पासपोर्ट तेव्हा पोलीस व्हेरिफिकेशनला अडकलेला. समोर अमेरिकेचा प्रोजेक्ट. मॅनेजर म्हणाले, "आपण कशाला यात पडायचं?"

सुधाकर एवढंच म्हणाला, "अबे, तू होता ना तिथं? जे पाह्यलं ते सांगून दे."

मी लिहून दिलं, गर्दीमुळे नीट दिसले नाही.

पुराव्याअभावी चौकशी बंद. माझा पासपोर्ट आठवड्यात घरी.

तो भांडला नाही. महिन्याभरात खोली सोडून गेला.
नंतर पंचवीस वर्षं, नोकरी सांभाळून, पोलिसांचा मार खाल्लेल्यांचे अर्ज लिहून देत राहिला. अनोळखी माणसांसोबत चौकीत जाऊन बसायचा.

आणि आपण?
मागच्या महिन्यात आपल्या जुन्या कंपनीच्या या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाठीचार्जचा व्हिडिओ आला. खाली "असंच पाहिजे" आणि अंगठ्यांची रांग.
सुधाकरने विचारलं, "त्या खाली पडलेल्या माणसाचं नाव कुणाला माहीत आहे का?"
कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

आज तोच ग्रुप "ग्रेट माणूस" लिहितोय. लिहा. पण हेही वाचा.

त्या दिवशी स्टॉपवर मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. त्याच्या हातात दगड नव्हता, जेवणाचा डबा होता. मी सगळं पाहिलं.

आता सांगून उपयोग शून्य, हे कळतंय मला.

दुपारी त्याला वर्ध्याला नेतायत. मी सोबत जातोय.

सुधाकर, माफ कर म्हणायचीही माझी लायकी नाही.
नीट जा, मित्रा.