सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. सुरुवातीला तर त्याची साधी तक्रारही नव्हती. सोलापुरात आमच्या पोलीस ठाण्याजवळ औषधाचं दुकान चालवणारे एक चाचा सकाळच्या हजेरीनंतर आत आले आणि उभ्यानेच म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक तुटलं म्हणून रडायला आलो नाही, हां. पण शुगरच्या गोळ्या नेणारी अकरा म्हातारी माणसं एकदम यायची बंद झाली. सगळी एकटी राहणारी. फोनवर कुणी डाक्टर सांगतोय म्हणे, गोळ्या टाका, चूर्ण घ्या."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, अकरा नावं लिहून घेतली आणि एका हवालदाराला घेऊन स्वतः फिरलो. पहिलं घर मंद्रूपहून शहरात आलेल्या सत्तरीच्या एका बाईंचं. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. पायाचा अंगठा काळा पडत चाललेला, त्यावर फडकं बांधलेलं.

"मावशी, गोळ्या का सोडल्या?"

"डाक्टरांनी सांगितलं की. रोज दुपारी फोन करत्यात, जेवलात का इचारत्यात. तुमी इचारलं का कदी?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही.

"त्यांना तुमचा आजार कसा कळला?"

"त्यास्नी समदं म्हाईत हाय. साखर किती, गोळी कुटली. माजा वाडदिवस बी त्यांनीच सांगितला. मला कुटं ठावं व्हता? शिरा केला, एकटीनंच खाल्ला."

मी त्यांना तेव्हाच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उपचार लगेच सुरू झाले नाहीत तर पाय जाईल. मावशी उठून उभ्या राहिल्या. "आमच्या डाक्टरांना इचारल्याबिगर काय बी घेनार न्हाय." फोनवरचा डॉक्टर खोटा आहे हे सिद्ध केल्याशिवाय त्या ऐकणार नव्हत्या, आणि दिवस मोजकेच होते.

उरलेल्या दहा घरांत मी एकेक गोष्ट विचारून वहीत रकाने पाडले. अकरापैकी नऊ जणांना वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळाल्या होत्या, आणि त्या एकाच दिवशी. त्यांच्या आधार कार्डांवर मात्र ती तारीख नव्हती. म्हणजे माहिती अशा ठिकाणाहून गेली होती, जिथे कुणीतरी ही तारीख स्वतःच्या मनाने भरली होती. अकराही जण तीन महिन्यांपूर्वी एका खासगी रुग्णालयाच्या मोफत तपासणी शिबिराला गेले होते.

रुग्णालयात ती सगळी माहिती एका संगणकात होती. त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला. फाईल कुणी कधी उघडली याची नोंद नाही. व्यवस्थापकांनी अंगठे उठवलेली संमतीपत्रं पुढे केली. संमती तपासणीची होती, माहिती पुढे देण्याची कुणी विचारलीच नव्हती.

नोंदणी करणारा कंत्राटी कारकून दोन तास "मला काय म्हाईत न्हाय" एवढंच म्हणत होता. आवाज चढवून उपयोग नसतो, हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "ही तारीख कुणाची?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माज्या पोरीचा वाडदिवस हाय, साहेब. म्हाताऱ्यांना जन्मतारीख सांगता येईना, आन तारीख टाकल्याबिगर पुढचा रकाना उघडत नव्हता."

त्यानंतर तो थांबला नाही. चूर्ण विकणाऱ्याला यादी त्यानेच मोबाईलवरून पाठवली होती.

"नाव-नंबरच दिले ओ फक्त."

"आणि घरी कोण असतं, ते?"

"त्यो रकाना तर त्यांनी आधी मागितला."

दुसऱ्याच दिवशी आम्ही बार्शीतल्या एका भाड्याच्या खोलीवर छापा घातला. 'डॉक्टर' बारावी पास होता. जप्त केलेले फोन टेबलावर मांडून पंचनामा सुरू असताना त्यातला एक वाजला. पंचांसमोर मी तो स्पीकरवर घेतला.

"डाक्टर, आज फोन न्हाय केला? तब्येत बरी हाय न्हवं?"

मावशींचा आवाज होता. मी कोण बोलतोय आणि काय घडलं, ते सांगितलं.

"मंग आता कुनाचं ऐकायचं मी?"

"दवाखान्यातल्या डॉक्टरांचं, मावशी."

"त्यास्नी कुटं येळ हाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पंचनाम्यात फोन आल्याची वेळ आणि नंबर लिहिला. त्यांनी कुणाच्या तब्येतीची चौकशी केली, ते लिहिण्याचा धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी मावशी दवाखान्यात दाखल झाल्या. अंगठा गेला, पाय वाचला.

चोरीचे दागिने सापडले की न्यायालयाच्या आदेशाने आम्ही ते मालकाला परत देतो, सही घेतो, विषय संपतो. इथे परत देण्यासारखं काहीच नव्हतं. यादी पुढे किती जणांकडे गेली, हे आरोपींनाही सांगता आलं नाही. म्हाताऱ्या माणसाची माहिती म्हणजे फक्त त्याची साखर नव्हे, तो एकटा आहे हीसुद्धा त्याची माहितीच आहे आणि चोराच्या लेखी तिचीच किंमत जास्त, हे मी या प्रकरणात शिकलो.

दोषारोपपत्र वेळेत गेलं, वरिष्ठांनी शाबासकी दिली. मावशींच्या हिशेबी मात्र या सगळ्यात त्यांचं एकच नुकसान झालं होतं, रोज दुपारचा फोन बंद झाला, आणि ते मी केलं होतं.