मायाच्या नावाची ताटली

दादाराव मेश्राम लखनऊच्या अमौसी विमानतळावर विजेचं काम करून रिटायर झाले, पण विमान काही त्यांच्या बोलण्यातून उतरलं नाही. सरोजिनी नगरातल्या घरावरून ते घरघरत गेलं की दादाराव वाक्याच्या मधोमध थांबायचे, आणि आवाज विरला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू. बायको, माया, गेल्यापासून घरात ऐकायला कोणी नव्हतं. तरी स्वतःशी पुटपुटतानाही ते विमानासाठी थांबायचे.

नवख्या माणसाला शहरात बसवून देणं, ही त्यांची जुनी हौस. वर्ध्या-नागपूरकडचं कोणी बदली होऊन आलं की दादाराव चारबाग स्टेशनवर हजर. "हे पाहा, ऑटोवाल्याशी गोड बोला, पण बॅग मांडीवर ठेवा. अन् कोणी 'आइए कभी' म्हटलं तर जायचं नसते. 'कल आइए' म्हटलं तर जायचं."

आता त्यांची पोरगी पायल नोकरीसाठी जर्मनीत, लाइपझिगला गेली होती. तिलाही फोनवर शिकवणी चालूच.

"रविवारी तिथं दुकानं बंद राहतात. शनिवारीच दूध आणून ठेव."

"पप्पा, यहाँ मैं रहती हूँ, आप नहीं."

"हो, पण व्हिडिओ मी पाह्यला ना."

त्यांनीच तिला सांगितलं होतं, शेजारी आधी काहीतरी करून दे. एकटं राहणाऱ्याला दार वाजवणारं कोणीतरी पाहिजे. पायलने खालच्या मजल्यावरच्या रिख्टर आजींना आलू-पोहे नेऊन दिले. त्या रात्री फोनवर ती सहज म्हणाली, "कटोरा धोके वापस कर गईं. इतना चमकाया कि पूछो मत."

"रिकामा?"

"हाँ, तो?"

दादारावांचा चेहरा उतरला. "त्या दारी पुन्हा जाऊ नको."

रिकामं भांडं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. लखनऊत नवे असताना मायाने गल्लीत घरोघरी झुणका पाठवला होता. बायांनी गोड आवाजात विचारलं, "महाराष्ट्र में आप लोग क्या होते हैं?" माया म्हणाली, "बौद्ध." भांडी घासूनपुसून, रिकामी परत आली. झुणका कुठं गेला ते मोरीला विचारावं. एकट्या समोरच्या श्रीवास्तव भाभींकडून डोंगा आला तो गरम निमोन्याने, वाटलेल्या मटारच्या त्या भाजीने, भरून. "हमारे यहाँ बर्तन ख़ाली नहीं लौटाते, माया." तेव्हापासून माया शेजार मोजायची तो भांड्यावरून.

"पप्पा," पायल म्हणाली, "इथे रिकामंच देतात. उन्होंने तो पूछा, फिर कब बनाओगी." मग ती स्क्रीनकडे झुकली. "वो पीछे फ्रिज पे आंटी का डोंगा है ना? आईच्या वेळचा?"

माया गेली त्या दिवसांत भाभींनी खिचडी पाठवली होती, तोच तो डोंगा.

"रिकामा कसा देऊ?" दादाराव म्हणाले. "अन् मला येते काय करता?"

"तो आप भी मत जाओ उस दरवाज़े," पायल म्हणाली. "आपण दोघं असेच बसू."

वरून विमान गेलं. ते गेल्यावर दादारावांनी फ्रिजवरचा डोंगा खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला. "पप्पा, बेसन हळूहळू घाला. हळू म्हणजे हळू." झुणक्यात गुठळ्या झाल्या, खालून करपला, वरून कच्चा वाटला. दादारावांनी वरवरचा, न करपलेला डोंग्यात काढला, हाताला आली ती ताटली झाकली आणि गल्ली ओलांडली.

भाभींनी दार उघडलं. डोंगा पाहून त्या जराशा थबकल्या. "भाई साहब. हम तो समझे, आपको हमारी खिचड़ी बुरी लगी."

"नहीं भाभी. ख़ाली था, इसलिए."

"अरे, आप भी." त्यांनी पदर डोळ्याला लावला. "बैठिए, चाय बनाते हैं."

"कभी," दादाराव म्हणाले, आणि घरी आले.

फ्रिजवर आता डोंग्याचा गोल डाग तेवढा होता. त्या घरचं या घरात काहीच उरलं नव्हतं. भाभी पुन्हा येतील तरी कशाला? त्यांनी ओटा पुसला, कढई भिजत घातली, आणि मांडणीवर ताटल्या लावायला गेले तर एक ताटली कमी. काठावर 'सौ. माया' कोरलेली, तीच झाकण म्हणून गेली होती.

आठवडा गेला तरी ताटली परत आली नाही.

"तो माँग लाओ," पायल म्हणाली. ती रिख्टर आजींकडे पोहे घेऊन निघाली होती. फोन हातात, जिना उतरत.

"नको," दादाराव म्हणाले. "राहू दे तिकडे. भाभी ती रिकामी आणायच्या नाहीत."

दुपारभर त्यांनी दाराला कडी लावली नाही.