बर्फातलं गाऱ्हाणं

दाजी परब गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की वाडीतल्या बायका घरी जाऊन भात चुलीवरून उतरवून परत येत, इतकं ते लांबायचं. नवी विहीर असो, नवी होडी असो, कुणाच्या पोराची नोकरी असो, नारळ ठेवून देवापुढे सगळ्यांसाठी मागणं मागायचं काम गेली तीस वर्षं दाजींचंच. ग्रामदेवतेपासून बांधावरच्या राखणदार देवचारापर्यंत एकाचंही नाव गळायचं नाही, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याचा आवाज तर सगळ्यांच्या वर हवा, नाहीतर देव ते जमेस धरत नाही, असं दाजींचं मत. मत कसलं, कायदाच.

असा हा माणूस त्रेसष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेमच्या नादाला लागला. लेक अक्षया पुण्याहून आठवडाभरासाठी आली होती. तिने येताना एक काळा डबा आणला, टीव्हीला जोडला आणि पडद्यावर बर्फाचा डोंगर उभा केला. दाजींनी जन्मात बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीतला. डोंगराच्या पायथ्याशी लाल जाकीट घातलेला एक गडी. हातातल्या रिमोटच्या डाव्या बटणाने त्याचा डावा हात, उजव्या बटणाने उजवा. वर कोपऱ्यात एक निळी पट्टी, ती त्याच्या अंगातली ऊब. थांबला की पट्टी उतरते, संपली की गडी गारठून मरतो.

"ह्येच्यात काय आसा? माडार चढणारो माणूस मी," दाजी म्हणाले, रिमोट मांडीवर ठेवला आणि हात जोडून डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा..."

बारा मिनिटांनी डोळे उघडले तर गडी खलास. पाऊलही न उचलता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अक्षयाला राहवेना. "बाबांनू, आदी चढा, मगे घाला गाऱ्हाणा!"

"घर बांधल्यार पायो खणतत काय गो?"

चढता चढता पुटपुटून पाहिलं, पण हात जोडल्याशिवाय दाजींच्या तोंडून शब्द फुटेना. तीस वर्षांची सवय ती. गाऱ्हाण्याशिवाय चढून पाहिलं, तर मनाला अशी चुटपुट लागली की गडी पहिल्याच कड्यावरून घसरला. देवाला न विचारता गेलो, दुसरं काय होणार?

एवढ्यावर भागलं असतं. पण सत्यवानाच्या हॉटेलात चहा पिताना दाजी बढाई मारून बसले होते, "आयतवारी शिखरार झेंडो लावतंय बघा." झालं, हॉटेलाला आठवडाभराचं खाद्य मिळालं. दाजी दिसले की शिवा सुतार विचारायचा, "काय शेरपानू, खंय पोचलास?" आयतवारी संध्याकाळच्या गाडीने अक्षया जाणार, तिच्याबरोबर डोंगरही जाणार. झेंडा लागला नाही, तर हे शेरपापण मरेपर्यंत मागे लागणार, हे दाजींना स्वच्छ दिसत होतं.

आयतवारी दुपारी जेवणं झाली. सुगंधाबाई, म्हणजे दाजींच्या मंडळी, ओटीवर कुळीथ निवडत होत्या. चार दिवस हा तमाशा बघून त्यांचे डोळे विटले होते. सूप बाजूला सारून त्या आत आल्या.

"मी घालतंय गाऱ्हाणा. तुमी चढा."

"बायलमाणसान? तुका येता तरी?"

"तीस वर्षां आयकतंय. दगडाक पण पाठ झाला असता."

दाजींनी रिमोट उचलला. अडला हरी, दुसरं काय! गडी निघाला. सुगंधाबाईंनी पदर सावरला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. एक देव गळला नाही. बायकोच्या सुरावर दाजी "व्हय म्हाराजा" म्हणत होते आणि गडी भराभरा चढत होता. पहिला कडा गेला, दुसरा कडा गेला. शिखर दिसायला लागलं, वादळ सुटलं, आणि सुगंधाबाईंचा आवाज जरासा बदलला.

"आणि म्हाराजा, ह्ये माका आठ दिवस आरोंद्याक माहेराक धाडतीत."

दाजींनी मान वळवली. पडद्यावर गडी एका हातावर लोंबकळायला लागला.

"बाबांनू, पुढे बघा! बोला बेगीन!"

"व्हय म्हाराजा," दाजी दात आवळून म्हणाले.

"आणि जेवल्यार आपला ताट आपणच धुतीत."

"...व्हय म्हाराजा!"

"आयकाक येवक नाय देवाक."

"व्हय म्हाराजा!" दाजी ओरडले. अक्षया हसून हसून लोळत होती. शिखर चाळीस फुटांवर. निळी पट्टी बोटभर उरलेली. आता ही काय मागते, घर की शेत, म्हणून दाजींनी जीव मुठीत धरला.

"आणि म्हाराजा, ह्येंचो डावो गुडघो दुखता. सगळ्या गावाचा मागतत, आपला कदी मागूक नाय. म्हणान मी मागतंय. माझ्या ह्या माणसाक बरो ठेव रे म्हाराजा!"

दाजींचे हात आपोआप जुळले. रिमोट जमिनीवर पडला. गडी सुटला तो थेट पायथ्याला. "व्हय म्हाराजा" दाजी म्हणाले खरे, पण आवाज फुटला नाही. त्यांना रडू आलं होतं.

संध्याकाळी लेकीला गाडीत बसवून दाजी हॉटेलात आले. बाकं भरलेली होती.

"काय शेरपानू, लागलो झेंडो?" शिवाने विचारलं.

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. डोंगर पुण्याच्या गाडीत होता, साक्षीला कोण?

"नाय. चाळीस फूट ऱ्हवले आणि पडलंय." दाजींनी सगळं सांगितलं. आरोंद्याचं सांगितलं, ताटाचंही सांगितलं. हॉटेल खदाखदा हसलं, आणि दाजीही हसले.

"पण हात सोडलास कित्याक?" सत्यवानाने चहा पुढे ठेवत विचारलं. "झेंडो लावन मगे जोडूचे होते."

दाजींनी ग्लास हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"तीस वर्षां सगळ्यांचा मागतंय रे. माझा कोणी मागताना आज पयल्यांदा आयकलंय."