भाताच्या कोठीतले कॉम्प्युटर

भाताच्या तुसाचा वास आला की मला माण गावातला तो सायबर कॅफे आठवतो. तिथल्या माझ्या घरमालकीण मावशींनी भाताची कोठी रिकामी करून तिथे चार कॉम्प्युटर मांडले होते, पण वास काही गेला नव्हता. माझ्या भावाने आत्महत्या केली होती आणि लातूरला, आमच्या घरी, आम्ही सगळ्यांना ‘अटॅक आला’ असं ठणकावून सांगितलं होतं. एका दुपारी त्या कॅफेत बसून, आपलं माणूस असं गमावलेल्यांच्या एका साइटवर मी पहिल्यांदा खरं लिहिलं. तासाभरात कुठल्या कुठल्या देशांतून उत्तरं आली. ‘का केलं’ हे एकानेही विचारलं नाही. एका बाईने विचारलं, तो हसायचा कसा? माझे हुंदके ऐकून मावशी आल्या. मी त्यांना सगळं मराठीतून वाचून दाखवलं. “वळखीची हायेत व्हय ही मान्सं?” “एकही नाही, मावशी.” देवाकडे बघावं तशा त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. “माझ्या भावाचं बी लिव. साप चावला म्हनून सांगत आलोय आमी, पर तसं न्हाई. लई मोठ्यांदा हसायचा त्यो, आख्ख्या आळीला ऐकू जायचं.” ते हसू मी कधीच ऐकलं नाही, तरी तुसाचा वास आला की माझ्या भावाच्या हसण्यासोबत तेही ऐकू येतं.