दुसऱ्या दिवशी या म्हणणाऱ्या सिस्टर

सिस्टर कोणालाही ‘किती दुखतं?’ असे विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे: ‘काय करायचं राहिलं?’ दुखण्याला बायका ‘नेहमीचंच’ म्हणतात आणि विषय संपवतात, हा त्यांचा अनुभव होता. राहिलेले काम मात्र नेमके सांगतात. पोळ्या राहिल्या, मुलाला शाळेत सोडायचे राहिले, परीक्षेचा एक पेपर राहिला. सिस्टर ते केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहीत आणि डॉक्टरांना आधी तेच वाचायला लावत.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तो स्त्रीरोगतज्ज्ञांचा दवाखाना होता. सिस्टर रोज शहाडहून येत. त्यांचे आडनाव फार थोड्यांना माहीत होते. उंची कमी, आवाज मोठा. बाकावरच्या बायका ‘अडचण’ म्हणत, तिथे सिस्टर ‘पाळी’ म्हणत, तेही पूर्ण आवाजात. कोणी इकडेतिकडे पाहिले तर म्हणत, ‘इथे काय दातांचे पेशंट बसलेत?’

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि ठाण्यातल्या एका वृत्तपत्रासाठी महापालिकेच्या बातम्या करत असे. महिन्यातले दोन दिवस मला उभे राहता येत नसे. पण आमच्या घरी पाळीचे चार दिवस कुठे जायचे नाही अशी रीत होती. त्यात दवाखानाही आला. पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ झाली की आई नंबर लावायची. तोपर्यंत मी जिने चढू शकत असे. डॉक्टर विचारत, ‘आत्ता दुखतंय?’ मी खरे तेच सांगे: नाही. असे तीन दवाखाने झाले. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, गरम पाण्याच्या पिशवीचा सल्ला मिळाला आणि तिसऱ्या ठिकाणी ‘लग्न होऊन मूल झालं की थांबेल’ हेही ऐकायला मिळाले. आईला हा शेवटचा इलाज पटला. घोडबंदर रोडला राहणारे एक स्थळ सांगून आले होते. मी हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते. साखरपुडा सहा-सात महिन्यांवर होता.

सिस्टरांच्या दवाखान्यात आम्ही गेलो तेही पाचव्याच दिवशी. त्यांनी जुनी फाइल चाळली आणि आईकडे पाहिले.

‘वहिनी, सगळ्या तारखा पाळी संपल्यावरच्या. आग विझल्यावर बंब बोलावताय होय?’

‘मग त्या दिवसांत कशी आणू तिला?’

‘रिक्षाने आणा. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी या. नाहीच जमलं तर फोन करा, मी येते न्यायला.’

‘आणि ही दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी बघा ना, नॉर्मल आहे.’

‘सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं.’

मग आईने साखरपुड्याचे सांगितले. लग्नानंतर थांबेल ना, असे विचारले. सिस्टर म्हणाल्या, ‘मुलगा बघताय की औषध? लग्न करा, अवश्य करा. पण तो औषध आहे हे त्या मुलाला सांगितलंय का कोणी?’

पुढच्या महिन्यात पाळीच्या दुसऱ्या दिवशी आईने मला रिक्षाने आणले. मी वाकूनच दवाखान्यात शिरले. सिस्टरांनी मला सगळ्यांच्या आधी आत नेले. बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, ‘अहो, आमचा नंबर आहे.’ सिस्टर म्हणाल्या, ‘माहितीये. तुम्हाला बसता येतंय. तिला येत नाहीये.’ डॉक्टरांनी पोट तपासले, नवी सोनोग्राफी आणि एमआरआय करायला सांगितले. डाव्या बीजकोशावर गाठ निघाली, जुन्या रक्ताने भरलेली. आजाराचे नाव एन्डोमेट्रिओसिस. आईने ते कागदावर लिहून मागितले.

आईला समजावण्याचे काम सिस्टरांनी केले. गर्भाशयाला आतून असते तसे अस्तर बाहेर वाढते, बीजकोशावर, कधी आतड्यावर. दर महिन्याला तेही सुजते, त्यातूनही रक्त सुटते. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून दुखते.

‘बाहेरचं खाणं, दुसरं काय,’ आई म्हणाली.

‘खाण्याला बोल लावू नका. का होतं ते डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. पाळीचं थोडं रक्त उलटं पोटात जातं, त्यातून होत असेल म्हणतात. पण तसं पुष्कळ जणींचं जातं, सगळ्यांना हे होत नाही. आईला किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते. तुमचं कसं होतं?’

आई बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिली. ‘मी फरशीवर पालथी पडायचे,’ ती म्हणाली. ‘पण आम्ही नाही कुठे सांगत बसलो.’

उपचार दोन होते. आधी हार्मोनच्या गोळ्या. त्यांनी पाळी थांबते. आईची भीती अशी की रक्त आत साठेल. अस्तरच पातळ होते, साठायला काही उरत नाही, हे सिस्टरांनी तिला तीनदा सांगितले. गोळ्यांनी दुखणे कमी झाले, गाठ मात्र राहिली. तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली. सिस्टरांनी कसलेही आश्वासन दिले नाही. ‘गाठ काढतील, बीजकोश शक्य तितका वाचवतील. मूल होईल की नाही, आज कोणी सांगू शकत नाही. आणि हे परत येऊ शकतं. ज्याच्याशी लग्न करणार आहेस त्याला हे सगळं आधी सांग.’

मी सांगितले. मुलाने शांतपणे ऐकले. चार दिवसांनी त्याच्या मामांचा फोन आला. पत्रिकेत काही दोष निघाला होता.

आईने याचा राग सिस्टरांवर धरला. शस्त्रक्रियेनंतर ती तपासणीला माझ्याबरोबर यायची, पण जिन्यातच थांबायची. माझे दुखणे बरेच कमी झाले होते. महापालिकेची एकही सभा आता चुकत नव्हती. वर्षाने इमारत पाडायला निघाली, दवाखाना कल्याणला हलला आणि सिस्टरांनी काम सोडायचे ठरवले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा आई प्रथमच वर आली. नमस्कार वगैरे काही नाही.

‘माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलंत. इतकी काय घाई होती सांगायची? झालं असतं लग्न, मग बघितलं असतं.’

सिस्टर कपाटातले जुने केसपेपर बांधत होत्या. त्यांनी सुतळी खाली ठेवली. त्या दिवशी त्यांचा आवाज बाकापर्यंतही पोहोचला नसता.

‘वहिनी, पहिली दहा-बारा वर्षं मीही पोरींना हेच सांगत होते. लग्न कर, मूल होऊ दे, थांबेल. त्यातली एकही परत आली नाही. मला वाटायचं, बऱ्या झाल्या.’