धुऱ्यावरची माय आणि काचेची तार

बायको गेल्यावर पोरीने एकच धोशा लावला. "बाबा, पुण्याला चला. तुमचा फोन लागत नाही. तुम्ही आहात का गेलात, हेसुद्धा मला कळत नाही."

मी म्हणायचो, मेलो तर गाव कळवेल, असली बातमी आमचं गाव पोटात ठेवत नाही. ती रडायची. तिच्या आईच्या वेळी तिला फोन लागला नव्हता. ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं, माझ्याही. म्हणून मी तिकडे वळूच देत नव्हतो.

आमच्या गावात फोनवर बोलायचं तर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढावं लागतं. तिथं सकाळपासून माणसं बसलेली. एक सोयरीक जुळवतो, दुसरी सासूच्या कागाळ्या माहेरी पोचवते आणि सासू दोन पायऱ्या खाली बसून ऐकते.

शेवटी पोरीने अट घातली. काचेच्या तारेची इंटरनेटची लाइन दिवाळीपर्यंत घरात आली तर राहा गावात. नाही आली तर बोजा बांधा. मी पुण्यात एकदा राहून आलो आहे. तिच्या फ्लॅटात थुंकायला जागा नाही आणि शेजारी कोण राहतो ते दाराला विचारावं लागतं. मी हो म्हणालो, पण माझा डोळा लाइनीवर.

काचेची तार गावात आधीही एकदा आली होती. रस्त्याच्या कडेने पुरली आणि आमच्या हुशार लोकांनी तांबं निघेल म्हणून ती उकरून काढली. आत निघाली केसाएवढी काच. भंगारवाला हसला. पण वरची दोरी चिवट, अजून तिच्यावर गावातली लुगडी वाळतात. नळी कोणाच्या तरी वावरात पाणी देते. ग्रामपंचायतीत त्या लाइनीचा डबा लावला होता, त्यात पालींनी संसार थाटला.

या खेपेला कंत्राटदाराची माणसं तालुक्याच्या मानोऱ्याकडून पांदणीच्या, म्हणजे बैलगाडीच्या वाटेच्या, कडेने खोदत आली. मी रोज बघायला जायचो. नाली माझ्या वावराच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

तिथं धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, माय आहे. शेंदूर फासलेला गोल धोंडा, मागे लिंबाचं झाड. मंगळवारी बाया नारळ, नैवेद्य आणतात. मजुरांनी टिकाव खाली ठेवले. "देवीचं ठिकाण हाये साहेब. आमी हात नाई लावत."

आता ही माय कुठून आली, ते सांगतो. धुऱ्यापलीकडचा शेजारी तरणा होता तेव्हा आमचा कोपरा तुडवत बैलबंडी न्यायचा. तूर चाकाखाली. मी त्याला शिव्या घालून थकलो, एकदा तर काठीही काढली. बायको म्हणाली, "तुमी गप बसा. तुमच्यानं काई होत नाई." दुसऱ्या दिवशी तिने नाल्यातून धोंडा आणला, तेलात शेंदूर कालवला, फासला, आणि शेजाऱ्याला हाक मारून म्हणाली, "भाऊजी, पाहा बरं, इथं माय निंगाली!" त्याच आठवड्यात त्याचा बैल लंगडला. तेव्हापासून बंडी बंद आणि नारळ सुरू. तिने मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. मी काय सांगणार? तूर वाचली होती.

कंत्राटदाराचा माणूस मला म्हणाला, "काका, त्या बाजूला खडक आणि नाला, या बाजूला तुमची देवी. वळसा घालायची मला परवानगी नाही. उद्या सामान उचलतो, पुढच्या गावाला जातो."

म्हणजे मी पुण्याला.

एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. पण गावात अजून बाया म्हणतात, माय पहिल्यांदा दिसली ती माझ्या बायकोला. तिचं नाव घेऊन पाया पडतात. तिला खोटी पाडायची आणि तिच्याच घरात फोनवर गप्पा मारत बसायचं? माझ्याने ते होईना.

मी जाऊन धोंड्यापाशी बसलो. बायकोला म्हणालो, "तूच बसवलं, आता तूच उठव. मले कायले फसवून राह्यली?" ती जिवंतपणीही एका हाकेला उत्तर देत नव्हती. पण उठता उठता डोक्यात आलं.

सकाळी सगळे जमले होते. शेजारी सगळ्यात पुढे, आता म्हातारा, कपाळभर शेंदूर. मजुरांवर ओरडत होता, "मायले धक्का लावसान तं पाहा!"

मी म्हणालो, "राती माय सपनात आली. म्हणे, लिंबाखाली पाय आखडले माहे. तुह्या घरी कोणी नाई, मले तिकडं ने."

एक म्हातारी म्हणाली, "मायचं अस्सं मन कसं फिरलं बाप्पा?"

मी धोंड्याकडे बघत उभा राहिलो. तेवढ्यात शेजारी खाकरला.

"मलेबी हेच सपन पडलं," तो म्हणाला. "माय म्हणे, बुढ्याले एकट्याले झेपनार नाई, तू हात लाव."

मग काय! हळद आली, डफडं आलं. आम्ही दोघांनी धोंडा गोणपाटात घेतला. वरात पुढे निघाली, आम्ही दोघं धापा टाकत मागे. तो हळूच म्हणाला, "वयनीनं धोंडा भारी निवडलाय."

मी थांबलो. "म्हंजे?"

"शेंदूर माह्याच घरून नेल्ता तिनं. माह्या बायकोजवळून उसना."

"अन् तू नारळ फोडत राह्यला एवढे वर्षं?"

"मंग काय करू? तू काठी घेऊन येत व्हता. वयनीनं मले मान खाली न घालता मागं फिरायले जागा देली. बैलाच्या खुरात काटा व्हता लेका, म्याच सांगलं सगळ्याइले की माय कोपली म्हून." थोडं चालून म्हणाला, "उचल, उचल. मागं पाहून राह्यले लोकं."

दिवाळीच्या आधी लाइन आली. माय माझ्या ओट्यावर बसली आणि डबा तिच्या वरच्या भिंतीला, कारण भोक पाडायला तेवढीच बरी जागा होती. बायांनी पहिल्याच मंगळवारी डब्याला कुंकू लावलं. वीज गेली की डबा मरतो. कधी जेसीबी पांदणीत तार तोडतो. मग बाया म्हणतात माय रुसली, आणि मी कंपनीला फोन लावायला परत टाकीच्या जिन्यावर चढतो.

पोरगी मात्र आता रोज तोंड दाखवायला लावते. त्यावर भागत नाही. "ताट दाखवा बाबा. काय जेवलात?"

परवा मंगळवार होता. मी मायपुढचं ताट उचलून दाखवलं. पुरणपोळी, कढी, भजी.

"एवढं कोणी केलं?" तिने विचारलं.

"तुह्या मायनं," मी म्हणालो आणि भजं तोंडात टाकलं.